तांदळातलं नाव

आमच्या सूनबाईला हाक मारली की ती ओ द्यायची नाही. बहिरी नव्हती. मांजर दुधाच्या पातेल्याकडं वळलं तरी परसातून पळत येईल, एवढे कान तिखट. पण त्या आठवड्यात मी अंगणातून तीनदा "राजनंदिनी, ए राजनंदिनी" म्हणून घसा कोरडा केला, तरी बाई आपली उंबऱ्यावर बसून दोन्ही अंगठ्यांनी मोबाईल दाबत होती. मोबाईलमध्ये चार पंख्यांचं एक विमान घिरट्या घालत होतं आणि ती त्याला डावीउजवीकडं वळवत होती.

शेवटी मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"कानात बोळे घातलेत का?"

ती दचकली. "मला हाक मारली, आत्या?"

"न्हाई, शेजारणीला मारली. ह्या घरात राजनंदिनी किती हायेत?"

ती उठली. आत जाता जाता "एकपण नाही" असं काहीतरी पुटपुटली. "काय म्हणालीस?" विचारलं, तर म्हणे, "काही नाही, चहा टाकते."

मी मनात म्हटलं, सात वर्षांत पोरगी कधी उलट बोलली नाही, आणि आता ड्रोन घरात आला तर हिला पंख फुटले.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची कारंडेवाडी माणदेशात. पाऊस आमच्याकडं पाहुण्यासारखा येतो, चहा पिऊन जातो. त्या उजाड माळावर सोलरवाल्यांनी काचांच्या रांगा उभ्या केल्या. वीस माणसांनी हात धरून उभं राहावं, एवढी एकेक रांग लांब, आणि अशा रांगा नजर पोचेल तिथपर्यंत. त्या काचांवर धूळ बसली की वीज कमी होते. म्हणून त्या धुवायचं काम निघालं, ते मी घेतलं. चौदा बायका माझ्या हाताखाली. दिवस उगवायच्या आत पाणी मारायचं, लांब दांड्याच्या ब्रशनं पुसून काढायचं. ऊन चढल्यावर गार पाणी पडलं तर काच तडकते. आठ वर्षांत माझ्या बायकांच्या हातून एक काच तडकली नाही. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं म्हातारी मिरवते. मिरवतेच. मिरवण्यासारखंच आहे.

त्या वर्षी धुमाळ साहेब आले. प्लांटचे मॅनेजर. माणूस बरा, पण बोलताना समोरच्याकडं न बघता मोबाईलकडं बघणार.

"भागाक्का, वरून नियम आलाय. एक तारखेपासून धुणं आणि तपासणी एकाच ठेकेदाराकडं. तपासणी ड्रोननं. काच आतून तापली की कॅमेऱ्यात पिवळी दिसते, ती बदलायची."

"मग घेऊ की ड्रोन."

ते हसले. "ड्रोन कुणीपण घेतं. माझ्या गेटातून आत यायला तीन कागद लागतात. ड्रोनचा सरकारी नंबर, विमा आणि उडवणाऱ्याचं सर्टिफिकेट. मागच्या महिन्यात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाचा ड्रोन तारेवरून आत घुसला. पोलिसांनी ड्रोन नेला, अजून ठाण्यात आहे."

"आणि न्हाई जमलं तर?"

"तालुक्याचा शहाजी जाधव तयार आहे. त्याच्याकडं सगळं आहे. धुण्याचं मशीनपण आहे. रांगेवरून आपोआप चालतं."

म्हणजे चौदा बायका घरी. त्यात हिराक्का होती, जिचा नवरा अंथरुणात. त्यात दोघी अशा होत्या, ज्यांनी त्या कामावर पोरी शिकवायला ठेवल्या होत्या. मला रात्रभर बायकांच्या हातातले ब्रश दिसत राहिले.

माझा मुलगा दिगंबर टँकर चालवतो. त्यानं मोटारसायकल विकली आणि पुण्याहून देशी बनावटीचा ड्रोन आणला. पावणेदोन किलोचा. सर्टिफिकेटसाठी चौकशी केली, तर उडवणारा दहावी पास पाहिजे. दिगंबर गणितात तीनदा आपटलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं, आणि दोघांनीही सूनबाईकडं बघितलं. ती बारावी शिकलेली.

"मी करते," ती म्हणाली. एवढंच. ना लाजली, ना आढेवेढे घेतले. मला तेव्हाच खटकलं होतं.

ड्रोनचा नंबर काढायला आम्ही त्या सरकारी वेबसाईटवर बसलो. बसलो म्हणजे ती बसली, मी येरझारा घातल्या. मालक कोण? मी. माझं आधार घातलं. आकडा मोबाईलवर येणार, तो मोबाईल दिगंबरचा, आणि दिगंबर टँकर घेऊन खिंडीपलीकडं. तिथं रेंज नाही. सरकार मला विचारत होतं, बाई तू कोण, आणि उत्तर खिंडीपलीकडं गेलेलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी दिगंबरला टँकरवर जाऊच दिलं नाही, दारात बसवून ठेवला.

मग नकाशा. कुठं उडवायला बंदी आहे, कुठं विचारावं लागतं, कुठं मोकळीक, ते रंगानं दाखवतात. सूनबाईनं बोटांनी नकाशा मोठा केला आणि म्हणाली, "आत्या, आपलं गाव हिरवं आहे. चारशे फुटांपर्यंत कुणाला विचारायला नको."

मी दाराबाहेर बघितलं. बाभळीशिवाय काही नव्हतं.

"सरकारला सांग, एकदा येऊन बघून जा म्हणावं," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. ते हसणं मला आवडायचं, पण तिला मी तसं कधी सांगितलं नव्हतं.

बुधवारी ड्रोनचा नंबर आला. भला मोठा, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. तिनं तो छापून ड्रोनच्या पोटाला चिकटवला. दिगंबर म्हणाला, "बैलाच्या कानातल्या बिल्ल्यासारखं दिसतंय." आम्ही तिघं हसत होतो, तेवढ्यात पुण्याच्या ट्रेनिंग सेंटरमधून फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"मॅडम, तुमचा फॉर्म अडकलाय. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव आहे, आधारवर दुसरंच. आडनाव बदललं त्याचं काही नाही, लग्नाचा दाखला चालतो. पण तुमचं स्वतःचं नावच वेगळं आहे."

"लग्नात बदललं," सूनबाई म्हणाली.

"कुठं नोंदवलंय?"

कुठं नोंदवणार? तांदळात. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले, दिगंबरनं अंगठीनं त्यात राजनंदिनी लिहिलं, बायकांनी टाळ्या पिटल्या, आणि संध्याकाळी त्या तांदळाची खीर झाली. पुढं महिनाभर तालुक्याला रांगेत उभी राहून तिचं आधार, रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, सगळं मीच नव्या नावानं करून घेतलं होतं. कामात मी कच्चेपणा ठेवत नाही. पण शाळेनं दिलेला कागद माझ्या हातातला नव्हता.

फोनवरची मुलगी चांगली होती. म्हणाली, "घाबरू नका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात अर्ज करून त्याची पावती घ्या, लग्नाच्या दाखल्यासोबत शुक्रवारी पाचच्या आत चढवा. त्यानंतर बॅच बंद होईल, पुढची दोन महिन्यांनी. कोणतं नाव ठेवायचं ते तुम्ही ठरवा. आम्हाला कोणतंही चालेल, फक्त एकच असू दे."

फोन बंद झाला. मी म्हटलं, "झालं तर. राजनंदिनी ठेवायचं, जुनं टाकून द्यायचं. उद्या जाऊन ये."

ती ड्रोनच्या पोटावरचा कागद अंगठ्यानं दाबून बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "मी जुनं ठेवणार आहे, आत्या."

"कशापायी?"

"माझं आहे म्हणून."

"आणि मी ठेवलेलं?"

"ते तुमचं आहे."

दिगंबर टँकरची चावी शोधायला म्हणून बाहेर पळाला. चावी त्याच्या खिशात होती.

तिचं माहेरचं नाव मी सात वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात नाव बदललं तेव्हा लोकांना सांगितलं होतं, फार जुनाट नाव आहे, पोरीला आजीचं नाव ठेवलंय, आजकाल असं नाव कोण ठेवतं. लोकांना पटलं. सगळ्यांत जास्त मला पटलं.

गुरुवार मी कसा काढला मला माहीत. बायकांचं धुणं झालं, घरी आले, ज्वारी पाखडायला घेतली, अर्धी टाकून उठले. शेळीला पाणी दाखवलं, ती प्यायली नाही, तिच्यावर ओरडले. सूनबाई भाकरी थापत होती. मी चुलीपाशी जाऊन बसले.

"तुला समजतंय का, चौदा घरांचं काम अडकलंय?"

"समजतंय."

"मग सही करून मोकळी हो की."

"जुन्या नावानं आत्ता करते. वकिलांना फोन केला होता. ते म्हणाले, लग्नाच्या दाखल्यावर साक्षीदार म्हणून सासूचा अंगठा आहे, त्यांनाच घेऊन या. दोन्ही नावांची बाई एकच, हे त्यांनी सांगायचं."

"म्हणजे मी यायचं, आणि मीच ठेवलेलं नाव मीच पुसायचं."

"हो."

अशी सरळ "हो" म्हणाली. भाकरी उलटली, भाकरीला पदर सुटला.

"दहावीला मी केंद्रात दुसरी आले होते, आत्या," ती तव्याकडं बघत म्हणाली. "सायकलवर नऊ किलोमीटर जायची. ती मी. राजनंदिनी कधी शाळेतच गेली नाही. आता उद्या सर्टिफिकेट मिळालं, तर ते कुणाला मिळालं म्हणायचं?"

"म्हणून हाकेला ओ देत न्हाईस व्हय?"

"सेंटरवाले फोनवर त्या नावानं बोलतात. कान परत सवय करून घेतायत. मुद्दाम नाही करत."

"मुद्दामच करतीस."

तिनं तव्यावरची भाकरी टोपल्यात टाकली. मग म्हणाली, "थोडं मुद्दाम."

मी उठून बाहेर आले. मला राग आला होता, आणि रागात बसायचं कुठं ते कळत नव्हतं. ओट्यावर बसले, तिथं ऊन. बाजेवर बसले, ती करकरली. शेवटी पायात चपला घालून माळावर गेले आणि रिकाम्या रांगांमधून नुसती चालत राहिले. चालताना प्रत्येक काचेत एक म्हातारी माझ्याबरोबर चालत होती. तिच्याकडं मी बघितलं नाही.

शुक्रवारी पहाटे धुण्याला गेलो. पाणी मारताना हिराक्का माझ्या शेजारी आली. बायकांना सगळं कळलेलं असतं, सांगावं लागत नाही.

"भागाक्का, एक इचारू?"

"न्हाई म्हटलं तर इचारणार न्हाईस का?"

"पोरीचं नाव पोरीला देऊन टाका की. तुमचं काय जातंय?"

काय जातंय, ते हिराक्काला सांगण्यासारखं असतं तर मी सात वर्षांपूर्वीच सांगितलं असतं. मी म्हटलं, "तू तुझी काच पूस. कोपरा राहिलाय."

कोपरा राहिला नव्हता. हिराक्का कोपरा ठेवत नाही. तरी तिनं मुकाट्यानं परत पुसला. मी तिच्याकडं बघत राहिले. साठीची बाई, दांडा धरून धरून बोटं वाकडी झालेली. मी ज्या काचेवर बोट ठेवेन ती पुसणारी. ह्या बाईला एक तारखेला मी काय सांगणार होते? तुझं काम गेलं, का, तर एका नावावरनं दोन बायका हटून बसल्या?

घरी आले, हातपाय धुतले, नवं लुगडं काढलं.

"चल," मी म्हटलं.

सूनबाई तयारच होती. कागदांची पिशवी काखोटीला. तिनं विचारलं नाही, कोणतं नाव. मी सांगितलं नाही. दिगंबरनं टँकर काढला आणि आम्ही दोघी त्याच्या शेजारी दाटीवाटीनं बसून तालुक्याला गेलो. वाटेत तिघांत एकच वाक्य झालं. "काच वर करा," ती म्हणाली, "धूळ येतेय."

जंगम वकील कचेरीसमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून बसतात. त्यांच्या शेजारी टाईप करणारा, त्याच्या शेजारी झेरॉक्स. गर्दी मरणाची. आमचा नंबर येईतो साडेबारा झाले. मी सतरा वेळा उठले, सतरा वेळा बसले. वकील म्हणाले, "मावशी, तुम्ही उभ्या राहिल्यानं माझा टायपिस्ट पळत नाही."

"बसल्यानं तरी कुठं पळतोय?"

टाईप करणारा हसला, आणि खरंच जरा भरभर बडवायला लागला.

"कोणतं नाव कायम करायचं?" वकिलांनी विचारलं. सूनबाईनं माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या शाईच्या पॅडकडं बघत म्हटलं, "ती सांगेल ते."

तिनं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग वकिलांनी कागद धरला आणि आमच्यापुढं मोठ्यानं वाचला. कचेरीची भाषा, लांबच लांब वाक्यं. त्यातलं एक माझ्या अंगावर आलं.

"...की, शेवंता मारुती झिमल आणि राजनंदिनी दिगंबर पुकळे ह्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून, ह्यापुढे ती शेवंता दिगंबर पुकळे ह्याच नावाने ओळखली जाईल..."

शेवंता. भर बाजारात, लाऊडस्पीकरसारख्या आवाजात.

"मावशी, इथं अंगठा." वकिलांनी पॅड पुढं केलं.

मी म्हटलं, "पेन द्या."

सूनबाई म्हणाली, "आत्या?"

दिगंबर म्हणाला, "आई, तुला कुठं येतंय?"

सगळ्या गावाला ठाऊक होतं की भागाक्काला लिहिता येत नाही. बँकेत अंगठा, रेशनला अंगठा, कंपनीच्या करारावर अंगठा. मी पेन घेतलं. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, आणि पाटीवर काढतात तशी मोठी मोठी अक्षरं काढली. शे. वं. ता. वर रेघ मारली, शेवटपर्यंत सरळ.

वकिलांनी कागद ओढला आणि कपाळाला हात लावला. "अहो मावशी! हे काय केलंत? हे मुलीचं नाव! तुमचं लिहायचं होतं, भागीरथी रामचंद्र पुकळे. स्टँपपेपर वाया गेला की!"

"माझंच लिवलंय," मी म्हणाले.

त्यांना काही कळलं नाही. दिगंबरला तर मुळीच नाही. तो म्हणाला, "आई, तुला चक्कर येतीय का?" पण सूनबाई माझ्याकडं बघत होती. ज्या नजरेनं ती नकाशा मोठा करून बघायची, त्या नजरेनं.

"स्टँपवाला दीड वाजता जेवायला उठतो," वकील ओरडले. "पळा!"

ती पळाली. चपला हातात घेऊन, कागदांची पिशवी माझ्या मांडीवर टाकून पळाली. मी तिथं बसून राहिले. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच बसवलं माझ्यानं. वाया गेलेला कागद टेबलावर पडला होता. मी तो घडी करून चोळीत घातला.

ती नवा स्टँप घेऊन आली. परत टाईप झालं. ह्या खेपेला मी गुमान अंगठा दिला.

मग कॉम्प्युटरवाल्याचं दुकान. राजपत्राचा अर्ज, त्याची पावती, आणि ते सगळं सेंटरच्या वेबसाईटवर चढवायचं. चार वाजले, वेबसाईट गोल गोल फिरत राहिली. साडेचार वाजले, कागद चढला, पण उलटा. दिगंबर दुकानाबाहेर उभा राहून देवाला शिव्या देत होता की नवस बोलत होता, कळेना. आत आम्ही दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. तिची नजर पडद्यावर, आणि पडद्यावरून न काढताच तिनं विचारलं,

"कोणत्या वयात बदललं?"

"पंधराव्या."

"कुणी?"

"सासूनं. दुष्काळी मुलूख, म्हणे घरात नदीचं नाव पाहिजे. भागीरथी. तांदळात लिवलं. नाव आलं, पाणी काही आलं न्हाई."

ती हसली नाही.

"दुसरीपर्यंत शाळा झाली होती माझी," मी म्हटलं. "मास्तरांनी पहिल्यांदा नाव गिरवायला शिकवलं. तेवढंच मला नीट येत होतं. लग्नानंतर तलाठ्यानं विचारलं, सही का अंगठा? मी म्हटलं, अंगठा. दुसऱ्याचं नाव मी कशाला लिवू?"

"आणि माझं नाव ऐकलं तेव्हा?"

हा प्रश्न मी सात वर्षं टाळत होते. दुकानदार आमच्या पाठीमागं कुणाचे तरी फोटो कापत होता, कात्रीचा आवाज येत होता.

"तुझ्या बापानं मांडवात हाक मारली," मी म्हटलं. "शेवंता, इकडं ये. मी उठले. समद्यांच्या देखत मी उठून उभी राहिले. मग तू आलीस, आणि मी पाणी प्यायला उठल्यासारखं केलं." मी लुगड्याचा काठ सारखा केला. "माझ्या घरात रोज कुणीतरी ती हाक मारणार, आणि दुसरीच कुणी ओ देणार. ते मला सोसलं नसतं."

ती काही बोलायच्या आत पडदा हिरवा झाला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "गेला. चार बावन्न." दिगंबर बाहेरून धावत आला आणि दरवाज्याच्या काचेवर आपटला.

राजपत्र यायला महिना लागला. पण ट्रेनिंग पावतीवरच सुरू झालं, सात दिवसांचं. परीक्षेत तिला लेखीत नव्वदच्या वर मिळाले. मी गावात अठ्ठ्याण्णव सांगितले. सर्टिफिकेट एक तारखेच्या आत आलं, त्यावर तिचं नाव, त्याखाली तिचा फोटो, फोटोत ती घाबरलेली. विम्याचा कागद आला. धुमाळ साहेबांनी तिन्ही कागद उलटेपालटे करून बघितले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोबाईलवरून नजर काढून म्हणाले, "भागाक्का, सगळं बरोबर आहे." त्यांना जरा वाईटच वाटलं असावं. शहाजी जाधवाचं मशीन तालुक्यातच राहिलं.

पहिल्या दिवशी धुणं उरकलं, ऊन चढलं, आणि चौदा बायका ब्रश खांद्यावर टाकून बांधावर ओळीनं बसल्या. सूनबाईनं ड्रोन सपाट जागी ठेवला. चारी बाजूंनी फिरून बघितलं, वारा बघितला, आम्हाला हातानं मागं सरकवलं. मलासुद्धा. मग ड्रोन उचलला. धूळ उडाली, हिराक्का "आई गं" म्हणाली, आणि तो रांगांवरून सरळ रेघेत निघाला, एक रांग जाताना, दुसरी येताना, जशा आम्ही पुसतो तशाच. तिच्या हातातल्या पडद्यावर काचा निळ्याजांभळ्या दिसत होत्या. सातव्या रांगेत एक पिवळी निघाली. नंतर आणखी दोन. आठ वर्षं आम्ही त्या वरून पुसत होतो, आणि आतून त्या तापलेल्या होत्या.

अर्ध्या तासानं ड्रोन खाली आला. पंखे थांबले. ती त्याच्या पोटावरचा नंबर पदरानं पुसत खाली बसली होती, पाठ माझ्याकडं.

"राजनंदिनी," मी हाक मारली. सात वर्षांची जीभ, ती काय लगेच वळते?

तिनं ओ दिली नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

मी पदर सारखा केला. घसा खाकरला. हे नाव मी लिहिलं होतं, पण मोठ्यानं कुणाला उद्देशून कधी उच्चारलंच नव्हतं. ते मला फक्त ऐकायची सवय होती, आणि तीही फार जुनी.

"शेवंता!"

"ओ, आत्या!" ती गर्रकन वळली. माझ्या आत कुणीतरी उठायला लागलं होतं, ते परत बसलं.

ती समोर येऊन उभी राहिली. कपाळावर घाम, पदराला धूळ. काय सांगायचं म्हणून हाक मारली, ते मला आठवेना. सगळ्या बायका ऐकत होत्या, तेव्हा काहीतरी बोलणं भाग होतं.

"शेवंता," मी म्हणाले, "तू उद्धट आहेस. माझ्यात तेवढा उद्धटपणा असता, तर हे नाव तुला ह्या घरात मोकळं सापडलं नसतं."